प्राथमिक शाळेत संगणक शिकवताना: पहिल्या वर्षाच्या शिक्षकांसाठी

जूनमध्ये पुण्यातील एखाद्या महानगरपालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती मुख्याध्यापक संगणक कक्षाची किल्ली देतात, तेव्हा त्या किल्लीबरोबर काय शिकवायचे याचा आराखडा मिळेलच असे नाही. मग शिक्षक स्वतः जे शिकला तेच आठवून शिकवू लागतो: संगणकाचे भाग, इनपुट म्हणजे काय, आउटपुट म्हणजे काय, लघुरूपांचे विस्तार. एमएस-सीआयटीच्या तयारीत हे ठीक होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला त्यातून फारसे काही मिळत नाही. पुढील मजकूर तिसरी ते पाचवीच्या वर्गांना प्रथमच संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आणि आठवड्यातून एखादा तास शाळेत येणाऱ्या स्वयंसेवकांसाठी आहे. माझे म्हणणे असे की या वयात संगणक हा भाषेचाच विषय आहे: नेमकी सूचना देणे, ती नेमकी वाचणे, चूक कोठे झाली ते शोधणे आणि ते आपल्या शब्दांत सांगणे. यंत्र या कामाला मदत करते, परंतु कामाची सुरुवात यंत्रापासून होत नाही.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कोडिंगचे उपक्रम मधल्या टप्प्यावर, म्हणजे सहावी ते आठवीत, सुरू करावेत असे म्हटले आहे. त्यामुळे तिसरीच्या मुलाला ‘कोडिंग आलेच पाहिजे’ असे कोणी सांगितल्यास त्या दडपणाखाली येण्याचे कारण नाही. पाया घालायला आपल्याकडे तीन वर्षे आहेत.

पहिली पायरी: खोली आणि वेळापत्रक

शाळा सुरू होण्याआधी एक दिवस काढून कक्षातील प्रत्येक यंत्र स्वतः सुरू करून पाहावे आणि वहीत नोंद करावी: कोणते सुरू होते, कोणाचा माउस अडकतो, कोणत्या कळफलकावरील अक्षरे पुसली गेली आहेत, कोणत्या खिडकीतून पावसाचे पाणी आत येते. वायरिंग आणि अर्थिंग वीजतंत्र्याकडून तपासून घ्यावे, कारण मुले अनेकदा मधल्या सुट्टीत हात धुऊन ओल्या हातांनीच वर्गात येतात. पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार बहुतेक वेळा गुरुवार असतो, म्हणून वेळापत्रक ठरवताना संगणकाची तासिका गुरुवारी येऊ नये अशी विनंती मुख्याध्यापकांना करून ठेवावी.

चाळीसच्या पटाला दहा चालू यंत्रे असणे ही सामान्य परिस्थिती आहे. अशा वेळी एका यंत्रामागे चार मुले बसवू नयेत, कारण त्यांतील दोन नुसती पाहत राहतात आणि थोड्या वेळाने पाहणेही सोडतात. अर्धा वर्ग यंत्रावर दोन-दोनच्या जोड्यांनी आणि अर्धा वर्ग जमिनीवर कागदकामाला, अशी विभागणी करावी आणि पुढच्या तासिकेला अदलाबदल करावी. जोडीतील एक मूल ‘चालक’, त्याने कळफलक आणि माउस हाताळायचा. दुसरे ‘वाटाड्या’, त्याने काय करायचे ते तोंडाने सांगायचे, पण माउसला हात लावायचा नाही. दर सात मिनिटांनी टाळी वाजवून भूमिका बदलाव्यात. हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला नाही तर प्रत्येक जोडीतील धीट मूल वर्षभर चालक राहते, आणि माझ्या अनुभवात मागे राहणाऱ्यांत मुलींची संख्या जास्त असते. ज्या मुलांच्या घरी संगणक आहे त्यांची जोडी एकमेकांशी लावू नये, आणि अगदी नवख्या मुलाशीही लावू नये. मधल्या तयारीच्या मुलाशी लावलेली जोडी सर्वांत चांगली चालते.

दुसरी पायरी: पहिला महिना यंत्राविना

पहिल्या चार आठवड्यांत संगणक बंद ठेवावेत. मुले विचारतील, कधीकधी रुसतील. त्यांना तारीख सांगावी आणि ती पाळावी.

सुरुवात ठिपक्यांच्या रांगोळीने करावी. प्रत्येक मुलाकडे पाच ओळी, पाच ठिपके असा चौकटीचा कागद असतो. दोन मुले पाठीला पाठ लावून बसतात. एक जण आपली साधी रांगोळी काढतो आणि मग दुसऱ्याला फक्त चार शब्दांत सूचना देतो: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, आणि सोबत किती ठिपके तो आकडा. शेवटी दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहायचे. पहिल्या वेळी बहुतेक जोड्यांची चित्रे जुळत नाहीत, आणि धड्याचा खरा भाग तेथूनच सुरू होतो. सूचना कोणत्या ठिकाणी फसली? सुरुवातीचा ठिपका सांगायचा राहिला का? सांगणाऱ्याने ‘तिकडे’ असा शब्द वापरला का? मुलांना हे स्वतः शोधू द्यावे, आणि चूक सापडलेली जोडी उभी राहून वर्गाला ती समजावून सांगेल अशी सवय लावावी. संगणकाच्या भाषेत ज्याला बग म्हणतात तो त्यांना येथे पहिल्यांदा भेटतो, आणि तो भेटणे ही लाजेची गोष्ट नाही हेही त्यांना येथेच कळते.

दुसऱ्या आठवड्यात वाटेच्या सूचना घ्याव्यात. शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत पाहुण्याला चालत कसे पाठवाल, असे विचारले की मुले ‘सरळ जा’ म्हणतात. पाहुण्याने तोंड कोणत्या दिशेला ठेवायचे, दगडूशेठ गणपतीचे मंदिर दिसल्यावर थांबायचे की पुढे जायचे, हे त्यांच्या लक्षात येत नाही. येथून अटीकडे वळता येते. वनाझहून मेट्रोत बसलेल्या माणसाला रामवाडीला जायचे असेल तर त्याने गाडीत बसून राहायचे; स्वारगेटला जायचे असेल तर जिल्हा न्यायालय स्थानकावर उतरून दुसरी मार्गिका धरायची. ‘जर… तर… नाहीतर…’ हे तीन शब्द फळ्यावर लिहून मुलांना स्वतःच्या दिवसातील अशी पाच वाक्ये लिहायला सांगावीत. ‘जर पाऊस असेल तर रेनकोट, नाहीतर टोपी’ इतके साधे वाक्यही पुरते.

पुनरावृत्तीसाठी गणेशोत्सवाच्या आधीचे दिवस फार सोयीचे असतात. त्या काळात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचे सराव ऐकू येत असतात आणि बहुतेक मुलांच्या बोटांत ठेका बसलेला असतो. बाकावर एक ठेका वाजवायला सांगावा, तो कागदावर खुणांनी लिहायला सांगावा, आणि मग विचारावे की हाच ठेका आठ वेळा वाजवायचा असेल तर आठ वेळा लिहायचा का. ‘बाई, एकदाच लिहायचे आणि बाहेर ८ लिहायचे’ हे उत्तर कोणीतरी देतेच. लूप, म्हणजे संगणकाला दिलेली पुनरावृत्तीची सूचना, समजावण्यासाठी याहून वेगळी व्याख्या लागत नाही.

तिसरी पायरी: अक्षरे आकड्यांत कशी राहतात

हा भाग बरेच शिक्षक टाळतात, मात्र तिसरी-चौथीच्या मुलांना तो विलक्षण आवडतो. न्यूझीलंडमधील कॅंटरबरी विद्यापीठाशी जोडलेल्या ‘सीएस अनप्लग्ड’ या उपक्रमातून जगभर गेलेला एक खेळ आहे. पाच कार्डे घ्यावीत आणि त्यांच्या एका बाजूला अनुक्रमे १६, ८, ४, २ आणि १ ठिपके काढावेत. दुसरी बाजू कोरी ठेवावी. पाच मुले वर्गाकडे तोंड करून रांगेत उभी राहतात, १६चे कार्ड वर्गाच्या डाव्या हाताला. कार्ड ठिपक्यांच्या बाजूने धरले तर १, कोऱ्या बाजूने धरले तर ०. आता ६ ठिपके दाखवा म्हटले की ४ आणि २ची कार्डे वळतात, आणि फळ्यावर ००११० असे लिहिले जाते. मग प्रत्येक मुलाने आपला हजेरी क्रमांक अशा रीतीने लिहायचा. पाच कार्डांत जास्तीत जास्त ३१ बसतात, त्यामुळे ३२वा क्रमांक असलेले मूल अडते आणि तक्रार करते. त्यालाच उपाय विचारावा. सहावे कार्ड किती ठिपक्यांचे असावे हे वर्ग स्वतः शोधून काढतो.

येथून अक्षरांकडे जावे. संगणक प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतो. युनिकोड नावाच्या जागतिक पद्धतीत ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६, ‘ग’चा २३२७ असा आहे. आपली वर्णमाला यंत्राच्या आतही जवळजवळ त्याच क्रमाने बसलेली आहे, हे पाहून मुलांचे चेहरे खुलतात. यातील ‘जवळजवळ’ हा शब्दही समजावून सांगण्यासारखा आहे. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, पण युनिकोडमध्ये त्याचा क्रमांक २३५५ असून तो ‘ल’च्या लगेच नंतर, ‘व’च्या आधी आहे. म्हणजे केवळ क्रमांकांवरून शब्दांची यादी लावली तर ती आपल्या शब्दकोशाप्रमाणे लागणार नाही. क्रम कोणीतरी ठरवलेला असतो आणि यंत्र तो निमूटपणे पाळते, ही समज चौथीतल्या मुलाला या एका अक्षरातून येऊ शकते. जोडीला पेठांचा खेळ घ्यावा. पुण्यात सातही वारांच्या नावांच्या पेठा आहेत. सोमवार ते रविवार अशी सात कार्डे आधी आठवड्याच्या क्रमाने आणि मग वर्णानुक्रमाने लावायला सांगावीत, आणि दोन्ही वेळा किती अदलाबदली लागल्या ते मोजायला सांगावे.

चौथी पायरी: हात आणि कळफलक

आता संगणक सुरू करावेत. पहिल्या दोन तासिका फक्त माउससाठी ठेवाव्यात: टक्स पेंटसारख्या मोफत चित्रकलेच्या प्रणालीत रेघ, गोल, रंग. जीकॉम्प्रिस हा लहान मुलांच्या खेळांचा मोफत संच आहे आणि त्यात माउसवर हात बसवणारे अनेक खेळ आहेत. एकदा यंत्रात घातला की इंटरनेट लागत नाही. खुर्ची उंच असेल तर मुलांचे पाय लोंबकळतात, त्यांच्या पायांखाली जुन्या वह्यांचा गठ्ठा ठेवावा. दर २० मिनिटांनी खिडकीतून दूरच्या झाडाकडे २० सेकंद पाहायला लावावे.

कळफलकाबद्दल मी आग्रहाने लिहितो. मराठी माध्यमाच्या मुलाला रोमन अक्षरांतून मराठी टंकायला शिकवू नये. मोठ्यांना ती सोय वाटते, कारण त्यांना इंग्रजी वर्ण आधीपासून अवगत आहेत. तिसरीच्या मुलाला मात्र ‘पुणे’ लिहिण्यासाठी आधी त्याचे रोमन स्पेलिंग जुळवावे लागते, आणि एका शब्दामागे दोन भाषांचे श्रम पडतात. विंडोजमध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इन्स्क्रिप्ट कळफलक मिळतो. त्याची रचना मुलांना लगेच पटते: स्वर आणि त्यांच्या मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. ‘पुणे’ हा शब्द चार वेळा बोट ठेवून होतो: प (एचची कळ), उकार (जीची कळ), ण (शिफ्ट धरून सीची कळ), एक मात्रा (एसची कळ). ‘ळ’साठी शिफ्ट धरून एनची कळ दाबायची.

दोन ठिकाणी मुले अडतात, आणि दोन्ही ठिकाणी भाषेचा तास आपोआप होतो. पहिले ठिकाण जोडाक्षराचे. फळ्यावर आपण ‘स’चा पाय मोडून ‘त’ जोडतो असे शिकवतो. कळफलकावर पाय मोडण्याची स्वतंत्र कळ आहे, ती डीच्या जागी. ‘पुस्तक’ टंकताना स, मग पाय मोडायचा, मग त. जे मूल हे बोटांनी करते त्याला जोडाक्षराची फोड तोंडीही सांगता येऊ लागते. दुसरे ठिकाण ऱ्हस्व वेलांटीचे. ती दिसते अक्षराच्या आधी आणि मुले वहीत तीच आधी काढतात, पण कळफलकावर आधी व्यंजन आणि मग वेलांटी, कारण संगणक लिहिण्याच्या नव्हे तर उच्चाराच्या क्रमाने अक्षरे साठवतो. ‘कि’ म्हणताना तोंडातून आधी काय निघते, असे विचारले की पुरते.

कळांवर छापील मराठी अक्षरे नसतील तर पारदर्शक चिकटपट्टीखाली हाताने लिहिलेली अक्षरे लावावीत. वेगाची स्पर्धा घेऊ नये. दिवसाला तीन शब्द, आठवड्याला एक वाक्य, आणि सहामाहीनंतर स्वतःबद्दल पाच ओळी, इतके पुरेसे आहे. शाळेत जुन्या फाईली वेगळ्या फॉन्टमध्ये केलेल्या असतील आणि दुसऱ्या यंत्रावर त्या अगम्य खुणांसारख्या दिसत असतील, तर मुलांचे काम त्या पद्धतीत करू नये. युनिकोडमध्ये केलेले काम कोणत्याही यंत्रावर वाचता येते.

फाईल साठवणे या पायरीतच उरकावे. प्रत्येक मुलाच्या नावाचा एक फोल्डर, फाईलच्या नावात विषय आणि तारीख. ‘नवीन फाईल १’ अशी नावे दिसली की ती मुलांकडूनच बदलून घ्यावीत.

पाचवी पायरी: स्क्रॅच

स्क्रॅच ही अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने २००७ मध्ये लोकांसमोर आणलेली मोफत आज्ञावली-भाषा आहे; तिच्यात रंगीत ठोकळे जोडून चित्रांना हलवता-बोलवता येते. ती मुख्यतः ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. पहिली-दुसरीसाठी शाळेत टॅब असतील तर स्क्रॅचज्युनिअर पाहावे. त्याच्या ठोकळ्यांवर शब्दांऐवजी चिन्हे असतात. इंटरनेटच्या भरवशावर राहू नये, इंटरनेटशिवाय चालणारी आवृत्ती आधीच यंत्रांत घालून ठेवावी. ठोकळ्यांचा मराठी तक्ता मोठ्या कागदावर करून भिंतीवर लावावा, म्हणजे वाटाड्या मूल तक्त्याकडे बोट दाखवून सांगू शकते.

नवे शिक्षक हमखास एक चूक करतात: ते पहिल्याच दिवशी एक्स आणि वाय यांचे, म्हणजे चित्राची आडवी आणि उभी जागा सांगणारे, आकडे शिकवायला घेतात. स्क्रॅचचा रंगमंच ४८० गुणिले ३६० एवढा असतो आणि त्याचा मध्य शून्य असल्याने डावी बाजू ऋण आकड्यांची होते. चौथीच्या मुलाने ऋण संख्या पाहिलेल्या नसतात. म्हणून चित्र हलवण्यासाठी वर्षभर ‘इतकी पावले पुढे जा’ आणि ‘इतके वळ’ या दोनच ठोकळ्यांवर काम करावे. पेनचे ठोकळे विस्तारांच्या यादीतून जोडून घ्यावेत आणि चौरस काढायला सांगावे: १०० पावले पुढे, ९० अंश वळ, हेच चार वेळा. ढोलाच्या ठेक्याची आठवण येथे करून द्यावी. ‘बाहेर ४ लिहायचे’ असे मुले आपणहून म्हणतात.

मग त्रिकोण. पाचवीची मुले आत्मविश्वासाने ६० अंश घालतात, कारण समभुज त्रिकोणाचा कोन ६०चा असतो हे त्यांनी ऐकलेले असते, आणि पडद्यावर त्रिकोण बनत नाही. उत्तर सांगू नये. मुलांना वर्गात जमिनीवर खडूने त्रिकोण काढून त्याच्या कडेवरून चालायला सांगावे. कोपऱ्यावर पोहोचल्यावर शरीर किती वळते? आतला कोन ६०चा असला तरी चालणाऱ्याला १२० अंश वळावे लागते. हे एकदा पायांनी अनुभवले की पंचकोनाचा आकडा मुले स्वतः शोधू लागतात. या एका त्रिकोणाला दोन तासिका लागल्या तरी द्याव्यात.

त्यानंतर प्रत्येक जोडीने एक छोटी गोष्ट करावी. पीएमपीची बस थांब्यावर येते, प्रवासी चढतो आणि घंटी वाजते, एवढी गोष्टही पुष्कळ आहे. दुसऱ्याच्या कामावरून आपले काम केले तर त्याचे नाव लिहावे, ही सवय येथे लागते.

सहावी पायरी: फोन, ओटीपी आणि सांगण्याचे धैर्य

संगणक कक्ष आठवड्यातून एकदा उघडतो, फोन मात्र रोज संध्याकाळी मुलांच्या हाती असतो. म्हणून सुरक्षिततेचा भाग वर्षाच्या शेवटी ढकलू नये. माझ्या वर्गातील एका मुलाने खेळातील नाणी फुकट मिळतील या आशेने आईच्या फोनवर आलेला ओटीपी समोरच्याला सांगितला. पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे मार बसेल या भीतीने त्याने दोन दिवस घरी काहीच सांगितले नाही. तेव्हापासून माझा पहिला धडा पासवर्डचा नसतो. ‘काही चुकले, भीती वाटली, तर कोणत्या मोठ्या माणसाला आधी सांगशील?’ हा असतो. प्रत्येक मुलाने अशी तीन नावे वहीत लिहायची. पालकसभेत पालकांकडूनही शब्द घ्यावा की मुलाने सांगितले तर त्याला मारणार नाही.

त्यानंतर नाटुकली घ्यावीत: एक मूल ‘बक्षीस लागले’ असा फोन करणारे, दुसरे उत्तर देणारे. ओटीपी, घराचा पत्ता, शाळेचे नाव आणि फोटो या चार गोष्टी अनोळखी माणसाला द्यायच्या नाहीत, हे पाठ करून घेण्यापेक्षा नाटकातून पक्के होते. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवता येईल तितके चांगले, आणि बालकांच्या मदतीसाठी १०९८ आहे; हे दोन्ही क्रमांक कक्षाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लावावेत. व्हॉट्सॲपच्या नियमांनुसार वापरकर्त्याचे वय किमान १३ असावे लागते, ही माहिती बऱ्याच पालकांना नसते.

शिक्षकालाही येथे पथ्य आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीला महत्त्व आहे. मुलांची खाती उघडणे, त्यांचे नावांसह फोटो गटांवर टाकणे, असल्या गोष्टी कौतुकापोटीही करू नयेत. मजकूर लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांबद्दल मुले विचारतात. ती त्यांच्या हाती न देता शिक्षकाने प्रोजेक्टरवर चालवून दाखवावीत. आपल्या पेठेबद्दल प्रश्न विचारावा आणि उत्तरातील प्रत्येक वाक्य खरे की खोटे हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून यावे. ठाम भाषेत लिहिलेले चुकीचे वाक्य स्वतः पकडले की छापील शब्दाकडे पाहण्याची त्यांची नजर बदलते.

सातवी पायरी: काय आले ते पाहणे

लेखी परीक्षा घेऊ नये. मुद्दाम चूक घातलेली स्क्रॅचची एक फाईल द्यावी, जोडीऐवजी एकेकट्याला बसवावे आणि तीन गोष्टी पाहाव्यात: चूक कोठे आहे हे सापडले का, ती सुधारली का, आणि का चुकले हे मराठीत सांगता आले का. माझ्या लेखी तिसऱ्या गोष्टीचे वजन सर्वाधिक आहे. चूक सुधारता आली नाही पण कारण नीट सांगता आले, अशा मुलाची प्रगती चांगली समजावी.

वर्षाच्या अखेरीस, एप्रिलमध्ये, जूनची ती नोंदवही पुन्हा उघडावी. कोणती यंत्रे बंद पडली, कोणत्या कळा बदलल्या, कोणता खेळ कोणत्या इयत्तेत फसला, त्रिकोणाला खरोखर किती तासिका लागल्या, हे लिहून ती वही किल्लीसोबत मुख्याध्यापकांकडे ठेवावी. आपली बदली झाली तर पुढच्या शिक्षकाच्या हाती किल्लीबरोबर ती वहीही जाईल.